हिरवा उंदीर नेमकं काय सांगतो?

मोबाईलवर हिरव्या उंदरांचा एक फोटो पुन्हा पुन्हा फिरत असतो. काळ्या पार्श्वभूमीवर पोपटी चमकणारी पिल्लं आणि खाली मजकूर: जेलीफिशचं रक्त टोचलं, आता उंदीर अंधारात चमकतात, उद्या माणसं चमकतील. जेलीफिशला रक्तच नसतं. हे उंदीर अंधारात चमकतही नाहीत. खोलीतला दिवा मालवला की इतर उंदरांसारखेच दिसेनासे होतात. त्यांच्यावर निळा प्रकाश टाकावा लागतो आणि तो निळा गाळणाऱ्या पिवळ्या काचेतून पाहावं लागतं. काजवा स्वतः प्रकाश तयार करतो. इथे मात्र एक प्रथिन निळा प्रकाश घेतं आणि हिरवा परत देतं. पण या चुकांपेक्षा मला जास्त खटकतं ते हे, की असे उंदीर कशासाठी तयार केले हे कुणीच लिहीत नाही.

लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या मुलाला विचारा, तो लॅक ओपेरॉनची, म्हणजे जीवाणूतल्या जनुकांच्या चालू-बंद होणाऱ्या एका गटाची, आकृती झोपेतही काढून दाखवेल. जनुकापुढे प्रमोटर असतो आणि जनुक कधी वाचायचं ते तिथे ठरतं, हे त्याला पाठ असतं. आता त्याच धड्यातून निघणारा प्रश्न घ्या. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच, मग कुठलं जनुक कुठे चालू आहे हे ओळखायचं कसं? आपल्याकडे रात्री थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून शेतकरी मोटारीच्या लाइनवरच एक बल्ब जोडून ठेवतो. बल्ब लागला की लाइट आली हे घरूनच कळतं. शास्त्रज्ञांनी हेच केलं: ज्या जनुकावर नजर ठेवायची, त्याच्याच प्रमोटरला चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलं.

प्रमोटर कुठला घेतला यावर सगळं अवलंबून असतं. २००२ साली परवानगी मिळालेल्या आणि मग मराठवाडाभर पसरलेल्या बीटी कपाशीत क्राय-१-एसी या बोंडअळीला मारणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापुढे फुलकोबीच्या एका विषाणूचा ३५-एस प्रमोटर बसवला होता. तो झाडाच्या जवळजवळ सगळ्या भागांत चालू राहतो, आणि तिथे तेच हवं होतं. १९९७ साली जपानमध्ये मासारू ओकाबे यांच्या गटाने केलेल्या हिरव्या उंदरांतही असाच सगळीकडे चालणारा प्रमोटर होता. केस आणि लाल रक्तपेशी सोडल्या तर सगळा उंदीर हिरवा. एखाद्या जनुकाचा माग काढायचा तर उलट हवं असतं: फक्त त्याच जनुकाचा प्रमोटर, म्हणजे फक्त त्याच पेशी हिरव्या.

हे चमकणारं प्रथिन म्हणजे जीएफपी, ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली ते एका जेलीफिशमधून वेगळं केलं, डग्लस प्रॅशर यांनी १९९२ साली त्याचं जनुक शोधून काढलं, १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी ते जीवाणूत आणि सूत्रकृमीत चालवून दाखवलं. रॉजर च्येन यांनी त्याचं रसायन उलगडलं आणि नवे रंग तयार केले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि च्येन यांना मिळालं.

आता त्या रसायनाकडे येतो, कारण माझा खरा जीव त्यात आहे. क्लोरोफिल असो की हिमोग्लोबिन, रंग देणारा रेणू सहसा वेगळ्या कारखान्यात तयार होतो आणि मग प्रथिनात बसतो. जीएफपीला असलं काही लागत नाही. २३८ अमिनो आम्लांची ही साखळी घडी पडून पिंपाच्या आकाराची होते. त्या पिंपाच्या बरोबर मध्यभागी ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची अमिनो आम्लं येतात: सेरीन, टायरोसीन, ग्लायसीन. घडीमुळे ती इतकी जवळ दाबली जातात की ग्लायसीनचा नायट्रोजन सेरीनच्या कार्बनला जाऊन भिडतो आणि पाच अणूंचं कडं तयार होतं. पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मग हवेतला ऑक्सिजन येऊन टायरोसीनच्या एका बंधातले दोन हायड्रोजन काढून घेतो, तिथे दुहेरी बंध तयार होतो, आणि टायरोसीनचं कडं व हे नवं कडं एकमेकांशी जोडून त्यांचे इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरतात. एवढं झालं की तो भाग निळा प्रकाश शोषू लागतो. हाच भाग पिंपाबाहेर काढला तर चमकत नाही, कारण मोकळा असताना तो हलतो-वळतो आणि घेतलेली ऊर्जा उष्णता म्हणून घालवतो. पिंप त्याला घट्ट धरून ठेवतं, म्हणून ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते.

यातली ऑक्सिजनची पायरी सावकाश होते. मूळ प्रथिनाला तिच्यासाठी काही तास लागत. १९९५ साली च्येन यांच्या गटाने ६५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन बसवलं आणि तो वेळ बराच कमी झाला, पण शून्य झाला नाही. शिवाय एकदा तयार झालेलं जीएफपी पेशीत सहजासहजी मोडत नाही. म्हणजे हिरवी पेशी 'जनुक आत्ता चालू आहे' असं सांगत नाही. थोड्या वेळापूर्वी चालू होतं, एवढंच सांगते. जनुक बंद झाल्यावरही उजेड रेंगाळतो. यावर उपाय म्हणून पेशीने लवकर मोडावं अशी शेपटी लावलेली जीएफपी तयार केली गेली. पण ती लवकर मोडते म्हणून अंधुकही दिसते.

'सुप्त जनुकं जागी करतो' म्हणून थेंब, पावडरी आणि शिबिरं विकणाऱ्यांना म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत: कुठलं जनुक, कुठल्या पेशीत, आणि कशाने पाहिलं? उत्तर देता येत नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

नीट वापरलं तर हे तंत्र किती दूर नेतं, याचं माझं आवडतं उदाहरण आतड्याचं आहे. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. त्याला पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी अस्तरातल्या खड्ड्यांच्या अगदी तळाशी असतात की चार पेशी वर, यावर जुना वाद होता. २००७ साली नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदराच्या एलजीआर-५ या जनुकात जीएफपी घातलं. हिरव्या झाल्या त्या तळाच्या बारीक, पेनेथ नावाच्या शेजारी पेशींच्या फटीत बसलेल्या पेशी. नुसतं हिरवं दिसल्याने त्या मूळपेशी ठरत नाहीत, म्हणून त्यांनी शेजारीच क्री नावाचं कात्रीसारखं एन्झाइमही बसवलं, जे टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच कामाला लागतं. त्याने एकदा डीएनएमधला अडथळा कापला की लॅक-झेड हे जनुक, तेच लॅक ओपेरॉनवालं, कायमचं चालू होतं आणि पुढची सगळी संतती निळी रंगवता येते. तळापासून वरच्या टोकापर्यंत निळ्या पट्ट्या निघाल्या, आणि त्या ६० दिवसांनीही टिकून होत्या. अस्तर तेवढ्या काळात कितीतरी वेळा बदललं होतं.

याच उंदरांत पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही खड्डे हिरवे, तर शेजारचे काळे. काळ्या खड्ड्यांत एलजीआर-५ बंद नव्हतं. बसवलेलं जनुक तेवढं गप्प झालं होतं. म्हणून अशा उंदरात नेमक्या पेशी मोजायच्या असतील तर नुसत्या हिरव्या रंगावर विसंबत नाहीत, ते जनुक चालू असताना तयार होणारा त्याचा आरएनएही ऊतीच्या कापात शोधतात.