मेपल सिरप : परसातील हंगामाची पूर्वतयारी

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात घरामागच्या दोन-चार मेपल वृक्षांना भोके पाडून त्यांचा रस गोळा करणे आणि तो घरीच आटवून सिरपची वर्षभराची बेगमी करणे, ही जुनी हौस आहे. प्रत्यक्ष हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिल ह्या काळात जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा असतो. तयारी मात्र आदल्या ऑक्टोबरपासून, खरे तर आदल्या एप्रिलपासून चालते. कॅनडातील क्वेबेक, ऑन्टॅरिओ, न्यू ब्रन्सविक आणि अमेरिकेतील व्हरमाँट, न्यूयॉर्क, मेन, न्यू हॅम्पशायर, विस्कॉन्सिन, मिशिगन हा ह्या उद्योगाचा मुख्य पट्टा आहे. जगातील सुमारे ७० टक्के मेपल सिरप एकटा क्वेबेक प्रांत बनवतो. तिथल्या व्यापारी बागांत हजारो झाडे प्लास्टिकच्या नळ्यांनी जोडलेली असतात आणि निर्वात पंपाने रस ओढला जातो. प्रस्तुत नोंद बादली, चूल आणि परस एवढ्यापुरती आहे.

मराठी वाचकाला मेपल सिरप म्हणजे झाडाची काकवी असे सांगितले की अर्धे काम होते. रंग तसाच, धारही जवळजवळ तशीच. पुढचा हिशेब मात्र पार वेगळा आहे. उसाच्या रसात साखर साधारण १५ ते २० टक्के असते, म्हणून काहील चढवल्यावर काही तासांत गूळ उतरतो. मेपलच्या रसात ती २ टक्क्यांच्या आसपास असते. ताजा रस दिसायला पाण्यासारखा आणि चवीलाही जवळपास पाणीच; कुणीतरी तांब्याभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवून विसरून गेल्यासारखा. १ लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस लागतो, म्हणजे ३९ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. परसातल्या तयारीतली बहुतेक कामे आणि बहुतेक फजित्या ह्या एका आकड्यातून निघतात.

हा आकडा काढण्यासाठी उत्पादक ‘८६चा नियम’ वापरतात. ८६ ह्या संख्येला रसातील साखरेच्या टक्क्याने भागले की एक माप सिरपला किती मापे रस लागेल ते कळते. टक्का २ असेल तर ४३, ३ असेल तर २९ आणि १.५ असेल तर ५७. रस ३ टक्क्यांचा असो वा दीड टक्क्याचा, बादली तेवढीच भरते. पण तेवढेच सिरप हाती येण्यासाठी दीड टक्क्याच्या रसाला सरपण दुप्पट लागते. म्हणून झाड निवडणे हे तयारीचे पहिले काम ठरते आणि ते पाने झडण्यापूर्वी उरकावे लागते.

झाडांची निवड : सर्वांत गोड रस शुगर मेपलचा (एसर सॅकॅरम) आणि त्याच्या सख्ख्या भावासारख्या ब्लॅक मेपलचा. रेड मेपल आणि सिल्व्हर मेपलही चालतात, पण त्यांत साखर कमी असते आणि कळ्या लवकर फुगतात. कळी फुगू लागली की रसाला एक उग्र, नकोसा वास येतो आणि हंगाम तिथेच संपतो. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात, जिथे शुगर मेपल नाही, तिथे मॅनिटोबा मेपलचा रसही काढतात. टोरांटोच्या उपनगरांत, जिथे मराठी वस्तीही बरीच आहे, रस्त्याकडेला युरोपातून आणलेला नॉर्वे मेपल फार लावलेला दिसतो. त्याचे पान शुगर मेपलसारखेच असते, म्हणून नवखा माणूस हमखास फसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : पानाचा देठ तोडला की नॉर्वे मेपलमधून पांढरा चीक येतो, शुगर मेपलमधून येत नाही. हिवाळ्यात पान नसताना कळ्यांवरून ओळखावे लागते. शुगर मेपलची कळी तपकिरी आणि टोकदार, रेड मेपलची लालसर आणि बोथट. फांद्या समोरासमोर फुटलेल्या नसतील तर ते झाड मेपल नव्हेच. एवढी कसरत फेब्रुवारीच्या गुडघाभर बर्फात करण्यापेक्षा ऑक्टोबरच्या उन्हात खोडाला रंगीत फीत बांधून ठेवणे शहाणपणाचे.

छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास किमान २५ ते ३० सेंटिमीटर असावा. ४५ सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या निरोगी झाडाला दोन भोके चालतात. शेंडा वाळलेल्या, आजारी किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने करपलेल्या झाडाला सोडून द्यावे. विस्तृत पर्णसंभाराचे, मोकळ्यावर वाढलेले झाड दाट रानातल्या झाडापेक्षा बहुधा जास्त गोड रस देते. ह्या बाबतीत परसातला मेपल व्यापारी बागेतल्या भावंडांवर मात करतो.

रस का वाहतो : उन्हाळ्यात झाड खोडात पिष्टाचा साठा करते, थंडीत त्याची साखर होऊन ती काष्ठातल्या पाण्यात उतरते. रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा ४ ते ७ अंश सेल्सियस, असा झोका बसला की रस हलतो. मेपलच्या लाकडातील तंतुपेशींत बहुतांशी वायू भरलेला असतो. रात्री गोठताना ह्या पेशींत बर्फ जमतो, आतला वायू दाबला जातो, खोडात ओढ निर्माण होते आणि मुळांवाटे जमिनीतले पाणी वर खेचले जाते. सकाळी बर्फ वितळला की दाबलेला वायू प्रसरण पावतो आणि रसाला बाहेर रेटतो. रसातील साखरेमुळे होणारे परासरणही त्याला हातभार लावते. म्हणजे हा रस शिंदीच्या नीरेसारखा वाढत्या भागाला घाव घालून काढलेला नव्हे. तो काष्ठातून, केवळ हवामानाच्या दाबाने येतो. सलग आठवडाभर रात्रंदिवस ऊब राहिली किंवा सलग आठवडाभर गोठले तरी बादली कोरडीच राहते.

केव्हा भोक पाडावे, ह्यावर म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या वाद होत आले आहेत. ह्या प्रदेशातील मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक मार्च-एप्रिलच्या सुमाराच्या चंद्रमासालाच ‘रस उकळण्याचा चंद्र’ म्हणतात आणि रस आटवण्याच्या रानातील तळाला त्यांच्या भाषेत ‘इस्किगामिझिगन’ हा शब्द आहे. बर्च झाडाच्या सालीची भांडी आणि त्यातून केलेली कोरडी साखर ही त्यांची देणगी. युरोपीय वसाहतवाल्यांनी हे तंत्र त्यांच्याकडूनच घेतले. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, आणि त्या दिवसाच्या सुमारास भोके पाडायची अशी जुनी रीत होती. हल्ली फेब्रुवारीतच उबदार दिवस येऊन जातात आणि गावसभेची वाट पाहणाऱ्याचा पहिला, सर्वांत फिकट आणि नाजूक चवीचा रस हुकतो. उलट जानेवारीतच घाई करणाऱ्याचे भोक हंगाम ऐन भरात असताना जिवाणूंमुळे बुजत जाते, कारण एक भोक साधारण सहा ते आठ आठवडेच चांगले वाहते. तेव्हा पंचांगाऐवजी दहा दिवसांचा हवामान अंदाज पाहावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या साखरेला राजकीय वजनही आले होते. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश ह्यांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमातून येणाऱ्या उसाच्या साखरेला पर्याय म्हणून मेपलचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन ह्यांनी १७९१ मध्ये व्हर्जिनियातील आपल्या माँटिचेलो इस्टेटीवर शुगर मेपलची रोपे लावून पाहिली. बाग काही जीव धरेना. ज्या मळ्यात ही गुलामीमुक्त साखर पिकायची होती तिथे गुलामच राबत होते, हेही नोंदवले पाहिजे.

साहित्य : भोकासाठी धारदार गिरमिट, प्रत्येक भोकाला एक तोटी, झाकणाची बादली आणि रस साठवायला मोठे पिंप. एवढ्यावर भागते. जुन्या तोट्यांना ७/१६ इंचाचे (११ मिलिमीटर) भोक लागे. आता ५/१६ इंचाची (८ मिलिमीटर) तोटी रूढ आहे. तीत झाडाची जखम लवकर भरते. भोक खोडात ४ ते ५ सेंटिमीटर खोल, आत जाताना किंचित वर चढते ठेवावे, म्हणजे रस तुंबत नाही. बाहेर येणारा भुसा फिकट पांढरट असला पाहिजे. तपकिरी भुसा आला तर तिथे जुन्या भोकाचे मेलेले लाकूड आहे आणि त्यातून काहीच मिळणार नाही. म्हणून दर वर्षी जागा बाजूला व वरखाली सरकवतात. तोटी हलक्या हाताने ठोकावी. ती घट्ट बसली की हातोडीचा आवाज बदलतो, तिथे थांबावे. आणखी दोन ठोके मारण्याच्या मोहात लाकूड चिरते आणि रस तोटीऐवजी सालीवरून गळतो. खोड गोठलेले असताना भोक पाडू नये, कारण तेव्हा ते हमखास चिरते.

भांडी अन्नासाठी बनवलेलीच हवीत. रंगाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी नको. जुन्या बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या बादल्या छायाचित्रात शोभतात, पण त्यांपैकी अनेकींच्या सांध्यांना शिशाचे डाग दिलेले असतात आणि शिसे रसात उतरते. अशा बादल्यांत फुलझाडे लावावीत. तोट्या आणि नळ्या गरम पाण्याने धुणे पुरेसे आहे. ब्लीचने धुतलेल्या नळ्यांत मिठाचा अंश राहतो आणि त्या चवीला सोकावलेल्या खारोट्या नळ्या कुरतडून ठेवतात. तोटी मात्र जमल्यास दर वर्षी नवी घ्यावी : जुन्या तोटीतील जंतू ताज्या भोकात शिरतात आणि ते लवकर बुजते. १९४६ पासून अंडरहिल येथे चालणाऱ्या व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राने ह्या स्वच्छतेवर बरेच काम केले आहे.

रस दुधासारखा नासतो. तो ४ अंशांखाली, सावलीत, पिंपाभोवती बर्फ रचून ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर उकळावा. पिंपात रात्री वर बर्फाची पापडी धरली तर ती काढून टाकण्याची रीत आहे. त्या बर्फात साखर फारच थोडी असते, आणि तेवढे पाणी जाळ न लावता फुकटात जाते.

चूल आणि सरपण : सगळ्यात जास्त चुकते ते इथे. एका भोकातून हंगामात साधारण ४० लिटर रस मिळतो असे धरले तर पाच भोके म्हणजे २०० लिटर रस आणि हाती ५ लिटर सिरप. वाफ पृष्ठभागावरून जाते, म्हणून उंच पातेले निरुपयोगी. पसरट, उथळ, परातीसारखे स्टीलचे भांडे हवे. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या भांड्यातून घरगुती चुलीवर ताशी १५ लिटर पाणी गेले तरी खूप झाले. म्हणजे २०० लिटरला तेरा-चौदा तास. सिमेंटच्या ठोकळ्यांची तात्पुरती चूल, मागे धुराडे आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा, एवढी रचना जमीन गोठण्यापूर्वी करून ठेवतात. सरपण मनगटाएवढे बारीक फोडलेले आणि खडखडीत वाळलेले असावे. ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःचेच पाणी उडवण्यात जाते. हे सगळे टाळून स्वयंपाकघरात गॅसवर उकळण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात एकदा येतो. १०० लिटर रसाची वाफ घरात कोंडल्यावर भिंतीवरचा कागद सुटून येतो, ही तिकडची पिढीजात कहाणी आहे आणि तिच्यात अतिशयोक्ती फारशी नाही. शेवटची तासाभराची उकळी तेवढी घरात आणावी.

उतरवणे : पाणी ज्या तापमानाला उकळते त्याहून सुमारे ४ अंश सेल्सियस वर, म्हणजे समुद्रसपाटीला १०४ अंशांच्या आसपास, सिरप तयार होते. हवेच्या दाबाप्रमाणे उकळबिंदू बदलतो, म्हणून त्या दिवशी आधी साधे पाणी उकळून तापमापी तपासतात. साखरेचे प्रमाण ६६ ते ६७ ब्रिक्स, म्हणजे वजनाने तितके टक्के, हवे आणि ते हायड्रोमीटरने (द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने) मोजता येते. पातळ राहिले तर सिरप आंबते वा बुरसते, घट्ट झाले तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर धरते. उपकरण नसलेले लोक डाव तिरका धरून पाहतात : थेंब सुटे न पडता एकत्र होऊन पडद्यासारखे सांडू लागले की झाले. आपल्या एकतारी पाकाच्या जरा अलीकडचा हा टप्पा. ह्या वेळी भांडे सोडून फोन घ्यायला गेलेल्या माणसाला परतल्यावर फेस आणि करपलेला पत्रा मिळतो. फेस बसवायला बोटभर लोणी हाताशी ठेवतात. तळाशी जमणारी ‘शुगर सँड’, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम मॅलेटची रेव, जाड फेल्टमधून गरम असतानाच गाळून काढतात आणि सिरप ८२ ते ८५ अंशांना बाटल्यांत भरतात. हंगामाच्या सुरुवातीचे सिरप सोनेरी, अखेरचे गडद. चांगले कोणते हा चवीचा प्रश्न आहे. गडद सिरपला पूर्वी कमी दर्जाचे समजत, पण २०१५ पासून अमेरिकेच्या वर्गवारीत चारही रंग ‘अ’ दर्जातच मोडतात.

कळ्या फुगल्या की तोट्या उपटून घेतात. भोकात बूच मारू नये. उघडे ठेवले तर झाड एक-दोन वर्षांत ते स्वतः भरून काढते. बादल्या धुऊन, वाळवून पालथ्या घालतात आणि त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाचे सरपण फोडायला घेतात, कारण त्याला वाळायला आख्खा उन्हाळा लागतो.