वांशिक आघातातून सावरणं आणि समाजाचा आधार (अमेरिकेतले कृष्णवर्णीय)

रंगावरून अपमान, पोलिसांचा धाक, नोकरी किंवा भाड्याचं घर नाकारलं जाणं हे सगळं वर्षानुवर्षं सोसून मनाला आणि शरीराला जी इजा होते तिला रेशियल ट्रॉमा, म्हणजे वांशिक आघात म्हणतात. अमेरिकेत मानसिक आजारांची जी अधिकृत यादी आहे त्यात हा वेगळा आजार म्हणून नाहीये. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्टर यांनी २००७ मध्ये याची मांडणी केली तेव्हा त्यांनी मुद्दाम ‘इजा’ हाच शब्द धरला, कारण आजार म्हटलं की खोट त्या माणसातच आहे असं वाटतं, आणि इजा म्हटलं की कुणीतरी ती केलीये हे आपोआप येतं.

ही इजा स्वतःवर बेतल्यावरच होते असंही नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली एक अभ्यास आला होता, त्यात पोलिसांनी एखाद्या निःशस्त्र कृष्णवर्णीयाला मारल्यावर त्याच राज्यातल्या बाकीच्या कृष्णवर्णीयांचं मानसिक आरोग्य पुढचे एक-दोन महिने जास्त ढासळलेलं दिसलं. गोऱ्या लोकांवर तसा परिणाम सापडला नाही.

मग लोक सरळ डॉक्टरकडे का जात नाहीत? त्याला इतिहास आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामांचं पळून जाणं हाच एक मानसिक रोग आहे असं लिहिलं आणि त्याला भारदस्त ग्रीक नाव पण दिलं. पुढं अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, त्यावरचं औषध पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही दिलं नाही. त्यात आजही अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय जेमतेम दोनेक टक्के. म्हणजे समोर बसलेल्याला आधी वंशभेद म्हणजे काय हे समजावून सांगा, मग आपलं दुखणं सांगा.

म्हणून आधार उभा राहिला तो लोक जिथं एरवीही जमतात तिथं, आणि त्यात पहिलं चर्च. फिलाडेल्फियात १७८७ मध्ये रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली, सभासदांच्या वर्गणीतून आजारी माणसं, विधवा, पोरकी मुलं यांना मदत करायची, आपल्याकडच्या भिशीसारखं थोडं पण कारण फार वेगळं. चर्चमध्ये माणूस उभा राहून आपल्यावर काय गुदरलं ते सगळ्यांसमोर सांगतो आणि बाकाबाकावरून त्याला साथ येत राहते, अंत्यविधीनंतर सगळे एकत्र जेवतात, याला कुणी थेरपी म्हणत नव्हतं पण काम तेच. १९५५ मध्ये १४ वर्षांच्या एमेट टिलला मिसिसिपीत हालहाल करून मारलं तेव्हा त्याची आई मेमी हिनं शिकागोच्या चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि हजारो लोक रांगेनं येऊन बघून गेले. तिचं दुःख तिच्या एकटीचं राहिलंच नाही.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९४६ साली सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक हा मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला. संध्याकाळी उघडायचा, फी २५ सेंट, नसतील तर फुकट, आणि डॉक्टर मंडळी बिनपगारी. १९५८ पर्यंत चालला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सगळ्यात कमी आठवली जाणारी आणि सगळ्यात जास्त आठवायला हवी अशी जागा हीच.

ब्लॅक पँथर हा कृष्णवर्णीयांचा पक्ष म्हटलं की लोकांना काळी जाकिटं आणि बंदुकाच आठवतात (आपल्याकडं १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती याच नावावरून). पण याच पक्षानं जानेवारी १९६९ पासून ओकलंडला शाळकरी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला, तोही चर्चच्याच हॉलमध्ये, नंतर फुकट दवाखाने आणि सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी पण स्वतःची वेगळी संघटना काढली. तिच्या साथीनं हल्ली इमोशनल इमॅन्सिपेशन सर्कल्स चालतात, लोक गोलात बसतात आणि कृष्णवर्णीय कमी दर्जाचे ही पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेली गोष्ट आपल्या आत किती मुरलीये ते बोलतात.

आणि न्हाव्याचं दुकान. खुर्चीत बसलेला पुरुष बायकोला सांगणार नाही ते न्हाव्याला सांगतो. लॉस एंजेलिसच्या भागातल्या ५२ दुकानांत ३१९ गिऱ्हाइकांवर एक प्रयोग झाला, फार्मासिस्टच दुकानात येऊन औषधं द्यायचे, तर सहा महिन्यांत वरचं ब्लड प्रेशर सरासरी २७ नं उतरलं, जिथं न्हाव्यानं नुसतं डॉक्टरकडं जा म्हणून सांगितलं तिथं ९ नं. हा प्रयोग रक्तदाबाचा होता, मनाचा नव्हे, पण तोच धागा धरून आर्कान्सामधून सुरू झालेला कन्फेस प्रोजेक्ट न्हाव्यांना ऐकून कसं घ्यायचं आणि तज्ज्ञाकडं कधी पाठवायचं हे शिकवतो.

यात अडचणी आहेतच. बायकांनी खंबीरच असायचं ही अपेक्षा घरातून आणि चर्चमधून दोन्हीकडून येते, म्हणजे आधार द्यायचा तिनं आणि तिला कुणी द्यायचा ते कुणी बघत नाही. प्रार्थना कर, होईल बरं, असं म्हणून डिप्रेशन झाकलं जातं. समलिंगी मुलामुलींना तर काही चर्चमध्ये उलट नवाच घाव मिळतो.

आधाराची जागा सुरक्षित असेलच असंही नाही. १७ जून २०१५ ला साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टनच्या मदर इमॅन्युएल या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या ९ जणांना एका गोऱ्या तरुणानं गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी कोर्टात काही नातेवाइकांनी त्याला माफ केल्याचं सांगितलं आणि देशभर त्याचं कौतुक झालं, चर्च त्याच रविवारी उघडलं. पण सगळ्यांनी माफ केलं नव्हतं, आणि दर वेळी आमच्याकडूनच इतक्या लवकर माफीची अपेक्षा का, यावर कृष्णवर्णीयांमध्येच तेव्हा बराच वाद झाला.