जुनं प्रेम, नवं संकट: रोमँटिक सस्पेन्समधल्या पुनर्भेटीची पार्श्वभूमी

धमकीची पत्रं येऊ लागतात म्हणून ती पोलिसांना फोन करते आणि तपासाला येतो तो दहा वर्षांपूर्वी काही न सांगता गाव सोडून गेलेला प्रियकर. अमेरिकी रोमँटिक सस्पेन्समध्ये, म्हणजे प्रेमकथा आणि जिवावरचं संकट एकत्र गुंफणाऱ्या कादंबऱ्यांत, ही सुरुवात इतकी रुळली आहे की ती पहिल्यापासूनच चालत आली असावी असं वाटतं. पण या प्रकाराच्या आधीच्या पिढीत नायक-नायिका बहुतेकदा एकमेकांना पूर्ण अनोळखी असत.

मुळं शोधायची तर दोन जुने धागे हाती लागतात. १७९४ मध्ये इंग्लंडमध्ये गाजलेल्या एका गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूतल्या भय-रहस्याच्या, कादंबरीने किल्ल्यात अडकलेली नायिका घराघरात पोचवली. तर १८१७ च्या डिसेंबरात, लेखिकेच्या मृत्यूनंतर निघालेल्या एका इंग्रजी कादंबरीत ठरून मोडलेलं लग्न आणि साडेआठ वर्षांनंतरची भेट आली. त्यात रहस्य नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही. हे दोन धागे एकत्र यायला फार काळ जावा लागला.

१९६० च्या दशकात अमेरिकेत गॉथिक पेपरबॅकची लाट आली. मुखपृष्ठ ठरलेलं: रात्रीची वेळ, मागे वाडा, त्यात एकच उजळलेली खिडकी आणि पुढे झगा सावरत पळणारी तरुणी. ती गव्हर्नेस (मुलांना घरी राहून शिकवणारी शिक्षिका) किंवा नवी नवरी म्हणून त्या घरात आलेली असते आणि खरा प्रश्न घरच्या मालकाबद्दल असतो. पहिल्या बायकोला यानेच मारलं का? म्हणजे प्रेम आणि भय एकाच माणसापाशी. अशा गोष्टीत जुनी ओळख चालतच नाही, कारण माणूस माहितीतला असला तर संशय टिकत नाही. १९७२ नंतर ऐतिहासिक प्रणयकथांनी बाजार काबीज केला आणि ही लाट ओसरली.

पुढची घडामोड व्यापारातून झाली. कॅनडात विनिपेगला १९४९ मध्ये सुरू झालेल्या एका पेपरबॅक संस्थेची पुस्तकं अमेरिकेत न्यूयॉर्कचा एक बडा प्रकाशक वितरित करत असे. तो करार संपल्यावर त्या प्रकाशकाने १९८० मध्ये स्वतःचीच प्रणयमाला काढली आणि १९८३ मध्ये तिच्यात जास्त पानांची, साहस आणि धोक्याला जागा देणारी शाखा जोडली. कॅनडाच्या संस्थेने १९८४ मध्ये रहस्यप्रधान माला काढून उत्तर दिलं आणि त्याच वर्षी प्रतिस्पर्ध्याची प्रणयमालाही विकत घेतली. धोक्याच्या दोन माला एकाच मालकाकडे आल्या. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून भाड्याने फिरलेल्या इंग्रजी प्रणयकथांचे गठ्ठे याच कारखान्यांतले.

जुने प्रेमी इथे कामाला आले. पानं मोजकी आणि कथेचा काळ जेमतेम आठवडाभराचा. मागे मारेकरी लागलेला. एवढ्यात दोन अनोळखी माणसं आयुष्यभराची गाठ बांधतात, हे वाचकाला पटवायचं कसं? आधीच प्रेम झालेलं असेल तर निम्मं काम कथा सुरू होण्याआधीच उरकलेलं असतं. शिवाय १९८० मध्येच स्थापन झालेल्या अमेरिकी प्रणयलेखकांच्या संघटनेने पुढे जी व्याख्या रूढ केली, तिच्यात दोनच अटी होत्या: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. शेवट ठरलेला असेल तर उत्कंठा कुठून आणायची? ती भूतकाळातून आणली गेली. ‘याने खून केला का?’ या जुन्या प्रश्नाची जागा ‘हा का निघून गेला?’ या प्रश्नाने घेतली. गुन्हेगाराचं नाव कळण्यापेक्षा हे उत्तर मला नेहमीच जास्त ओढून नेतं, आणि या प्रकाराचं खरं बळ तिथेच आहे.

म्हणूनच २००७ च्या निर्णयाबद्दल सविस्तर बोलायला हवं. १९८३ मध्ये सुरू झालेल्या त्या शाखेत तोवर सगळं चाले: गुराख्यांच्या कथा, कुटुंबकथा, अद्भुताची झाक असलेल्या कथा, आणि अर्थात धोक्याच्याही. २००७ मध्ये तिचं नावच बदलून रोमँटिक सस्पेन्स केलं गेलं. आता प्रत्येक पुस्तकात संकट असणं आलंच. प्रकाशकाची बाजू समजण्यासारखी आहे. सुपरमार्केटच्या मांडणीवर महिनाभरच टिकणाऱ्या पुस्तकाने आपण काय आहोत ते मुखपृष्ठावरूनच सांगितलं पाहिजे. शिवाय दोन मालांमधली सीमाही आखून झाली: १९८४ च्या रहस्यमालेत तपास पुढे, आणि साधारण सत्तर हजार शब्दांच्या या मालेत प्रेमाला जास्त जागा.

कागदावर हे ठीक दिसतं, पण पुनर्भेटीच्या कथेला त्यातून तोटाच झाला असं माझं मत आहे. पूर्वी पहिली तीस-चाळीस पानं दोघांच्या अवघडलेपणाला मिळत. ती त्याला चहा विचारते की नाही, तो तिच्या आईसमोर कसा उभा राहतो, गावकरी काय कुजबुजतात, हे दिसे आणि मग हळूहळू धोका शिरे. नव्या नावानंतर पहिल्याच प्रकरणात गोळी सुटू लागली आणि दहा वर्षांची जखम परिच्छेदभर आठवणीत गुंडाळली जाऊ लागली. काही लेखिकांनी त्यातूनही वाट काढली. गोळीबारातून निसटल्यावर दोघांना बर्फात अडकलेल्या केबिनमध्ये, म्हणजे एकाकी लाकडी घरात, नेऊन ठेवलं की भांडायला दोन प्रकरणं मिळतात. ही केबिन पुढे इतकी वापरली गेली की तिचाही साचा झाला.

नायकांचे पेशे मात्र बाहेरच्या जगाने पुरवले. नौदलाच्या खास पथकातला नायक १९९६ पासूनच्या एका मालिकेने लोकप्रिय केला. एखाद्याचा सतत पाठलाग करून त्याला छळण्याला (स्टॉकिंगला) स्वतंत्र गुन्हा ठरवणारा अमेरिकेतला पहिला कायदा कॅलिफोर्नियात १९९० मध्ये झाला आणि पुढच्या काही वर्षांत इतर राज्यांनीही तसे कायदे केले. धमकीच्या पत्रांना कथेत पोलिसी वजन आलं ते तेव्हापासून.

मोबाइल आणि समाजमाध्यमं आल्यावर नवी अडचण उभी राहिली. दहा वर्षं एकमेकांचा पत्ताच लागला नाही, हे आता पटत नाही. त्यामुळे ताज्या कादंबऱ्यांत निघून गेलेला माणूस बहुधा गुप्त कामगिरीवर असतो, किंवा अमेरिकेत १९७० च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत दुसऱ्याच नावाने राहत असतो. त्याला तिला कळवायचं असतं, पण कळवलं तर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं.