घातक कचरा आणि दूषित औद्योगिक जागा (सांगली-सातारा)

विषारी, ज्वलनशील, स्फोटक किंवा गंज चढवणाऱ्या गुणांमुळे माणसाला वा पर्यावरणाला बाधणारा कचरा म्हणजे घातक कचरा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली त्याचे पहिले नियम १९८९ मध्ये झाले. सध्याचे २०१६ चे आहेत.

कृष्णेत मासे मेले की सांगलीत ओरड होते ती मळीमिश्रित पाण्याची. पण ते सांडपाणी. त्याला १९७४ चा जलप्रदूषण कायदा लागतो. घातक कचऱ्याच्या नियमांचा विषय आहे तो कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत शेडमागे उभ्या पिंपांचा: प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) गाळ, जळके तेल (नियमांच्या अनुसूचीत क्रमांक ५.१), रसायनांचे रिकामे बॅरल (३३.१). नुसते विसळून पाणी साठवायला विकलेले बॅरलही यातच येते, हे घेणाऱ्याच्या गावीही नसते.

हा माल कारखान्यात साधारणपणे ९० दिवसच ठेवता येतो. पुढे तो अधिकृत वाहनातून प्रक्रिया केंद्राकडे जातो. सोबतच्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे मालाच्या प्रवासाच्या नोंदपत्राच्या, सात रंगांच्या सात प्रती. त्यातली निळी माल पोचल्यावर कारखान्याकडे परत येते. ती आली नाही, तर माल वाटेत कुठे उतरला हे विचारायला हवे.

गाळ उघड्यावर पडला की इथली काळी माती घात करते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वळवाचे पाणी त्यांतून थेट खाली जाते. खालच्या बेसाल्टमध्ये (काळ्या खडकात) पाणी फटीफटींतून वाहते, त्यामुळे एक बोअर बिघडते आणि शेजारची चांगली राहते. सफाईचा खर्च वाढतो तो प्रामुख्याने या फटी शोधण्यात. प्लेटिंगमधल्या षट्संयुजी क्रोमियमवर (या धातूच्या जास्त विषारी रूपावर) फेरस सल्फेटची मात्रा देतात. त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम होते व चुन्याने खाली बसते. माती मात्र बहुधा उकरूनच न्यावी लागते.

खर्च प्रदूषकाने सोसायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी प्रकरणात ठरवले. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम मात्र २०२५ मध्ये आले. त्यांनुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्था वा जिल्हा प्रशासन देते, तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

गावात संशय येतो तो बोअरचे पाणी पिवळसर दिसले की. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. रंग डोळ्यांना दिसेपर्यंत ती कितीतरी पटींनी ओलांडलेली असते.