एक फाइल, अनेक उपकरणं: क्लाउड साठवणुकीची पार्श्वभूमी

फोनमधली जागा भरत आली म्हणून कुणीतरी जुने फोटो काढून टाकतं, आणि संध्याकाळी लॅपटॉप उघडल्यावर लक्षात येतं की ते तिथूनही गेले. क्लाउड साठवणूक, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर फाइली ठेवायची सोय, नव्याने वापरू लागलेल्यांची ही नेहमीची तक्रार आहे. काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं, पण बिघडलेलं काहीच नसतं. सेवेने तिला नेमून दिलेलं काम चोख केलेलं असतं. हे काम कुठल्या गरजेतून जन्मलं हे माहीत असेल तर सुरुवातीचे बरेच गोंधळ टळतात. माझ्या मते या सेवांची खरी कहाणी जागेची नाहीच. एकाच फाइलच्या अनेक प्रती झाल्या की त्यातली खरी कुठली, या प्रश्नाची ती कहाणी आहे, आणि हा प्रश्न इंटरनेटपेक्षाही जुना आहे.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था चालवून दाखवली. संगणक एकच, पण तो अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून, म्हणजे त्याला जोडलेल्या टंकयंत्रासारख्या उपकरणावरून, एकाच वेळी वापरायचा. सगळ्यांच्या फाइली त्या एका यंत्राच्या डिस्कवर. आपलं लिखाण आपल्या टेबलावर नसून दूरच्या सामायिक यंत्रावर असण्याचा हा पहिल्या काही अनुभवांपैकी एक. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्या व्यवस्थेत पासवर्ड आला.

त्याच व्यवस्थेतला एक प्रसंग कॉर्बातो यांनी पुढे संगणकशास्त्रातल्या मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. फाइल दुरुस्त करताना तिथला एडिटर, म्हणजे मजकूर बदलायचा प्रोग्राम, एक तात्पुरती फाइल बनवायचा आणि तिचं नाव ठरलेलं असायचं. एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी कामाला बसले. एकाने पासवर्डांची यादी उघडली होती, दुसऱ्याने वापरकर्त्यांना दाखवायचा त्या दिवसाचा संदेश. तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि त्यानंतर लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. दोघांनी एकाच वेळी एकाच नावाच्या फाइलवर लिहिलं तर काय करायचं, याचा विचार कुणी केला नव्हता, इतकंच त्यामागचं कारण. आजच्या सेवांचा बराचसा कोड याच प्रश्नाभोवती फिरतो.

संगणक एकमेकांना जोडले गेल्यावर फाइल इकडून तिकडे पाठवायची सोय हवी झाली. १९७१च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले भूषण तेव्हा एमआयटीत होते. एफटीपीने फाइल पोचायची, पण पोचल्यावर दोन प्रती व्हायच्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरायचा नाही. फ्लॉपीचंही तेच, २०००च्या सुमारास आलेल्या पेन ड्राइव्हचंही तेच, आणि स्वतःलाच ई-मेलने फाइल पाठवायच्या सवयीचंही तेच. १ एप्रिल २००४ला जीमेलने १ जीबी जागा देऊ केल्यावर ही सवय आणखी बळावली. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘अंतिम-नक्की’ अशा नावांच्या फाइली ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना निराळं सांगायला नको.

उत्तराची पायाभरणी कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली, आणि मला हा या इतिहासातला सर्वात कमी सांगितला गेलेला भाग वाटतो. १९८०च्या दशकात तिथे आयबीएमच्या साथीने अँड्र्यू हा प्रकल्प चालला होता. विद्यापीठभर शेकडो संगणक, आणि विद्यार्थी कुठल्याही यंत्रावर बसला तरी त्याला आपल्याच फाइली दिसाव्यात, ही अपेक्षा. त्यांच्या फाइल व्यवस्थेने, म्हणजे एएफएसने, एक साधी पण दूरगामी गोष्ट केली. फाइल उघडली की ती अख्खीच्या अख्खी जवळच्या डिस्कवर उतरवून घ्यायची, काम तिथेच करायचं आणि बंद केल्यावर बदल सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या मधल्या संगणकाला, कळवायचा. दुसऱ्या कुणी ती फाइल बदलली तर आपल्याजवळची प्रत शिळी झाल्याचं सर्व्हर स्वतःहून कळवायचा. आज लॅपटॉपच्या कोपऱ्यात सिंकचं, म्हणजे सगळीकडच्या प्रती एकसारख्या करण्याचं, चिन्ह फिरताना दिसतं, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

पण जोडणीच तुटली तर? याच विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७ पासून कोडा ही व्यवस्था बांधायला घेतली. लॅपटॉप नेटवर्कपासून सोडवून बाहेर न्यायचा, जवळच्या प्रतींवर काम करत राहायचं आणि परत जोडल्यावर सगळे बदल सर्व्हरवर चढवायचे. इथे जुना पेच पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइलही बदलली असेल तर कुणाचं खरं धरायचं? यंत्राला ते ठरवता येत नाही. कोडाने अशा फाइलींवर संघर्षाची खूण करून निर्णय माणसावर सोपवला. मला हा प्रामाणिक मार्ग वाटतो, कारण गुपचूप एक प्रत पुसून टाकणं कितीतरी सोपं होतं.

दुसरा अडथळा वेगाचा होता. मोठ्या फाइलीत एक ओळ बदलली म्हणून अख्खी फाइल पुन्हा पाठवणं मंद जोडणीवर परवडत नसे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक लिहिलं. ते फाइलचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा एक छोटा गणिती ठसा काढतं, दोन्हीकडचे ठसे ताडून पाहतं आणि जुळला नाही तेवढाच भाग पाठवतं.

सामान्य लोकांसाठी ऑनलाइन जागा देण्याचे प्रयत्न १९९९-२००० मध्ये झाले. याहूचं ब्रीफकेस आलं, ॲपलने आयडिस्कमधून २० एमबी जागा देऊ केली. टेलिफोनच्या तारेवरच्या मंद डायल-अप जोडणीवरून ती जागा एकदा भरायची तरी तासाहून अधिक वेळ लागला असता. कल्पना बरोबर होती, तारा तयार नव्हत्या.

तारा रुंद झाल्या आणि १४ मार्च २००६ला ॲमेझॉनने एस३ ही सेवा सुरू केली. दर जीबीमागे महिन्याला १५ सेंट, वापराल तेवढंच भाडं. साठवणुकीची सेवा काढायला स्वतःची सर्व्हरची फौज उभी करायची गरज संपली. पेन ड्राइव्ह विसरून बॉस्टनहून न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसलेल्या ड्रू ह्यूस्टन यांनी त्या प्रवासातच ड्रॉपबॉक्सचा कोड लिहायला घेतला, असं ते सांगतात. अरश फिरदौसी यांच्यासोबत २००७ साली त्यांनी कंपनी काढली आणि सप्टेंबर २००८मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली. फाइली ठेवायला त्यांनी सुरुवातीला एस३च वापरलं.

ड्रॉपबॉक्सच्या आत डोकावणं उपयोगाचं आहे, कारण नंतरच्या सेवांचं वागणंही बरंचसं असंच आहे. तुम्ही ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकता. प्रोग्राम तिचे ४ एमबीपर्यंतचे तुकडे करतो, प्रत्येकाचा ठसा काढतो आणि सर्व्हरला विचारतो, यातले कुठले तुकडे तुझ्याकडे नाहीत? तेवढेच वर जातात. आधीपासून तिथे असलेली मोठी फाइल क्षणात ‘अपलोड’ झाल्यासारखी दिसते ती यामुळे. मग तुमच्या इतर उपकरणांना बदलाची वर्दी जाते आणि ती आपापली प्रत तशीच करून घेतात. दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाला तर एक प्रत मूळ नावाने राहते आणि दुसरीच्या नावात संघर्षाची नोंद व उपकरणाचं नाव जोडलं जातं. अशी फाइल दिसली तर घाईने पुसू नका. दोन्ही उघडा, वाचा, मग ठरवा. कोडाचा वारसा तो हाच.

आणि पुसणं हाही एक बदलच असतो. भर घातलेली जशी सगळीकडे पोचते तसं काढून टाकलेलंही पोचतं. सुरुवातीच्या तक्रारीचं मूळ इथे आहे. बहुतेक मोठ्या सेवा पुसलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत ठेवतात, म्हणून लवकर पाहिलं तर ती परत मिळते. फोनची जागा मोकळी करण्यासाठी फोटोंच्या ॲपमध्ये वेगळी सोय असते. तिच्यामुळे मूळ फोटो वर, म्हणजे सर्व्हरवर, राहतो आणि फोनवरची मोठी प्रत तेवढी जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्वात आधी हा फरक समजून घ्यावा.

स्मार्टफोनमुळे चित्र बदललं. प्रत्येक उपकरणावर अख्खं फोल्डर ठेवायचं हा मूळ बेत फोनच्या तुटपुंज्या जागेत बसेना. ऑक्टोबर २०११मध्ये आलेल्या ॲपलच्या आयक्लाउडने तर फोल्डर सुरुवातीला दाखवलंच नाही. एप्रिल २०१२मध्ये गूगल ड्राइव्ह आलं. मायक्रोसॉफ्टच्या स्कायड्राइव्हला स्काय या ब्रिटिश प्रसारण कंपनीशी झालेल्या वादानंतर २०१४मध्ये वनड्राइव्ह हे नाव घ्यावं लागलं. हळूहळू लॅपटॉपवरही फाइलचं नुसतं नाव दिसू लागलं. मजकूर वर असतो आणि उघडल्यावर उतरतो. वनड्राइव्हने ही सोय २०१७मध्ये विंडोजमध्ये आणली. प्रवासाला निघण्याआधी हव्या त्या फाइली ‘ऑफलाइन’ ठेवायची खूण करावी लागते ती यामुळे. ढगाचं चिन्ह असलेली फाइल जोडणीशिवाय उघडणार नाही.

विश्वासाला तडे जाण्याचे प्रसंगही आले. १९ जून २०११ला कोडमधल्या चुकीमुळे ड्रॉपबॉक्सची खाती सुमारे चार तास कुठल्याही पासवर्डने उघडत होती. जानेवारी २०१२मध्ये अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही फाइली ठेवायची व वाटायची सेवा बंद पाडली, तेव्हा ज्यांनी तिथे स्वतःच्या कायदेशीर फाइली ठेवल्या होत्या तेही अडकले. याहू ब्रीफकेस २००९मध्येच बंद झालं होतं. अमर्याद जागेची आश्वासनंही टिकली नाहीत. वनड्राइव्हने २०१५मध्ये ती मागे घेतली, गूगल फोटोजची मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ला संपली. म्हणून दोन पायऱ्यांचं लॉग-इन (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) पहिल्याच दिवशी चालू करणं आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत सिंकच्या बाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणं, या दोन गोष्टींना पर्याय नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे; फाइल खराब झाली तर ती खराबीही प्रत्येक उपकरणावर इमानाने पोचते.

कुणावरच विसंबायचं नसेल तर वेगळे रस्तेही आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं ओनक्लाउड २०१०मध्ये आलं आणि त्यातूनच २०१६मध्ये नेक्स्टक्लाउड निघालं. सिंकथिंग मधला सर्व्हर गाळून उपकरणांना थेट जोडतं. ही मेहनत सगळ्यांना जमेलच असं नाही, पण पर्याय आहे हे माहीत असावं.

प्रतींच्या भांडणावरचा आणखी एक उपाय म्हणजे प्रतीच न ठेवणं. गूगल डॉक्समध्ये अनेकजण एकाच दस्तऐवजावर एकाच वेळी लिहितात, आणि प्रत्येक अक्षर थेट सर्व्हरवर जातं. याचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असा दस्तऐवज फाइलसारखा दिसतो, पण लॅपटॉपवर असते ती फक्त त्याच्याकडे नेणारी लहानशी दुव्याची फाइल. ती पेन ड्राइव्हवर घेतली तर मजकूर तिच्यासोबत येत नाही. तो हवा असेल तर दस्तऐवज उघडून वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावा लागतो.