लोअर बाउंड कुठला, सॉर्टिंगचा की फांद्या छाटायचा?

डीएएच्या (डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स) सिलॅबसमध्ये लोअर बाउंड, म्हणजे 'याच्या खाली जाताच येणार नाही' अशी हद्द, दोन ठिकाणी भेटतो आणि दोन्हीकडे वेगळंच काहीतरी असतं, पण हे कुणी धड सांगत नाही, मग व्हायवात "ब्रँच अँड बाउंड लावून टीएसपीचा लोअर बाउंड कमी होतो" असली उत्तरं येतात. (टीएसपी म्हणजे सगळी शहरं एकेकदा फिरून परत येणारी सगळ्यात स्वस्त टूर शोधायची, आणि ब्रँच अँड बाउंड म्हणजे अर्धवट पर्यायांच्या फांद्या काढत जायचं आणि ज्यांतून काही चांगलं निघणार नाही त्या छाटायच्या.)

सॉर्टिंगवाला आधी घेऊ. ५ वेगवेगळे आकडे नुसती तुलना करून लावायचेत. ते १२० क्रमांपैकी कुठल्याही क्रमात असू शकतात, एका तुलनेतून फक्त हो की नाही एवढंच कळतं, म्हणजे ६ तुलनांमध्ये फार फार तर ६४ क्रम वेगळे ओळखता येणार. संपलं, वर्स्ट केसला (सगळ्यात वाईट क्रम आला तर) ७ लागणारच. हे अमुक एका प्रोग्रामबद्दल नाहीये, अजून कुणी लिहिलेलाच नाही त्या अल्गोरिदमलाही हे चुकत नाही. हाच हिशोब एन आकड्यांपर्यंत पुढे नेला की साधारण एन लॉग एन तुलना येतात. (काउंटिंग सॉर्ट कुठला आकडा किती वेळा आला ते मोजतो, तुलनाच करत नाही, म्हणून तो यातून सुटतो.)

आता छाटणीवाला. टीएसपीत आतापर्यंतची सगळ्यात स्वस्त टूर ६० ची मिळालीय. एका अर्धवट टूरवर ४१ खर्च झालेत, आणि उरलेली शहरं, आत्ताचं शहर आणि सुरुवातीचं शहर यांचा मिनिमम स्पॅनिंग ट्री (सगळ्यांना जोडणारं सगळ्यात स्वस्त जाळं) काढला तर तो २२ आला. पुढचा रस्ताही ही सगळी शहरं जोडतोच, म्हणून तो कसाही घ्या, २२ च्या खाली जाणार नाही, ६३ झालेच, तोडा ती फांदी. पण हा २२ त्या एका नकाशापुरता आणि त्या एका फांदीपुरता. ६० च्या जागी हातात ६५ ची टूर असती तर तीच फांदी राहिली असती. आणि अंदाज चुकूनही जास्त लागता कामा नये, खरा उरलेला खर्च १८ असेल आणि तुम्ही २२ म्हणालात तर ५९ ची टूर गेली, प्रोग्राम तर चूं पण करणार नाही. शून्य धरलं तर कधीच चूक होत नाही, फक्त लवकर काही छाटलंही जात नाही.

छाटणी कितीही भारी असली तरी त्याने प्रॉब्लेम सोपा ठरत नाही, तुमचा प्रोग्राम त्या इनपुटवर लवकर सुटला एवढंच. गंमत म्हणजे टीएसपीला छाटायला एकसे एक बाउंड आहेत, पण तो पॉलिनॉमियल वेळात (शहरांच्या संख्येच्या एखाद्या ठराविक घाताच्या प्रमाणातल्या वेळात) सुटूच शकत नाही हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

दोघं एकत्र आले ते १२ आकड्यांच्या सॉर्टिंगमध्ये. क्रम ४७,९०,०१,६००, आणि २९ तुलनांत ५३,६८,७०,९१२ क्रम ओळखता येतात, म्हणजे मोजणीच्या हिशोबाने २९ पुरायला हव्यात. फोर्ड-जॉन्सनच्या, म्हणजे कमीत कमी तुलनांत सॉर्ट करू पाहणाऱ्या, पद्धतीला मात्र ३० लागतात. १९६५ मध्ये मार्क वेल्सने कॉम्प्युटरवर सर्च चालवून दाखवलं की २९ मध्ये होतच नाही. असल्या शोधात छाटायचा नियम काय असतो, तर उरलेल्या तुलनांत जेवढे क्रम ओळखता येतील त्यापेक्षा जास्त क्रम शिल्लक असले की फांदी बाद, म्हणजे वरची १२० आणि ६४ वाली मोजणीच, फक्त प्रत्येक फांदीवर नव्याने केलेली. १३ आकड्यांनाही पुढे तसंच निघालं, मोजणी म्हणते ३३, लागतात ३४.