सर्व्हरला घाम येत नाही

पणजीत पाटो परिसरात एका परिचितांचे कार्यालय आहे. हिशेब, पगारपत्रके आणि ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारे सहा सर्व्हर तेथे एका लहानशा खोलीत ठेवलेले आहेत, एसी कायम १८ अंशांवर असतो आणि त्याच्या निचऱ्याच्या नळीखाली २० लिटरची बालदी ठेवलेली असते. जुलैच्या पावसात मी तेथे गेलो होतो, तेव्हा सकाळी ९ वाजता रिकामी केलेली ही बालदी संध्याकाळी ६ पर्यंत काठोकाठ भरते, असे शिपायाने सांगितले.

पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी होताना ती आपला अप्रकट उष्मा बाहेर टाकते. नेहमीच्या हवामानात हा उष्मा प्रतिकिलो सुमारे २,४३० किलोज्यूल असतो. म्हणजे एका बालदीमागे ४८,६०० किलोज्यूल, अर्थात साडेतेरा युनिट उष्णता एसीला खोलीबाहेर फेकावी लागते. एक युनिट वीज घेऊन एसी तीन युनिट उष्णता बाहेर काढतो असे धरले, तर दिवसाकाठी साडेचार युनिट वीज केवळ हवेतून पाणी गाळण्यात जाते. त्यातून संगणकाचे एकही काम होत नाही.

हे पाणी येते कोठून? माणसे श्वास सोडतात, त्यांना घाम येतो. सर्व्हर मात्र फक्त कोरडी उष्णता सोडतो. त्यामुळे बालदीतले जवळजवळ सगळे पाणी दाराखालच्या फटीतून, केबलसाठी भिंतीला पाडलेल्या भोकांतून आणि वारंवार उघडणाऱ्या दारातून आत शिरलेल्या हवेचे असते. पावसाळ्यात आपल्याकडे ३० अंश तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असली, की एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी असेल, तर त्यातली १२ ग्रॅम ठेवून १४ ग्रॅम काढून टाकावी लागते. आता दोन खर्च शेजारी मांडून पाहू. ती घनमीटरभर हवा ३० वरून २४ अंशांवर आणायला सुमारे ७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर तिच्यातली १४ ग्रॅम वाफ काढायला ३४ किलोज्यूल. हवा गार करणे त्या मानाने स्वस्त आहे. ती कोरडी करणे जवळजवळ पाचपट महाग आहे. कोरड्या प्रदेशातल्या डेटा सेंटरचे धडे गोव्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचे कारण हेच.

जितके थंड तितके सुरक्षित, हा समज फार पक्का आहे. वास्तविक अमेरिकेतील ‘ॲशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांपर्यंत चालते. उलट आपल्याकडे १८ अंशांचाच धोका अधिक आहे. वर सांगितलेल्या हवेचे दवबिंदू तापमान, म्हणजे ज्याखाली तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २७ अंश असते. वीज गेली, यूपीएसवर सर्व्हर चालू राहिले पण एसी बंद पडला आणि घाबरून कोणी दार उघडले, की ती हवा १८ अंशांच्या पत्र्याला भिडते आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे दव त्यावर धरते. २५ अंशांवर ठेवलेल्या खोलीत हा धोका बराच कमी होतो. मात्र तापमान २७ च्या पुढे नेण्यातही अर्थ नाही, कारण मग सर्व्हरचे पंखे वेगाने फिरू लागतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

एसीच्या आधी मात्र सर्व्हरकडेच पाहायला हवे. त्याने घेतलेली जवळजवळ प्रत्येक वॉट अखेर उष्णताच होते. गूगलच्या बारोसो आणि होल्झले या अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करतात आणि अगदी रिकामा सर्व्हरही कमाल विजेच्या निम्मी वीज खात बसतो. आभासी यंत्रे करून, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र सर्व्हर चालवून, सहांचे काम दोघांवर आणणे म्हणूनच सर्वांत मोठी बचत ठरते. गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे आणि आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. आपल्या बिलातल्या युनिटचा धूर तेथील माणसे श्वासात घेतात, याची जाणीव आपण ठेवायला हवी.

सॉकेटमध्ये खोचली की बिल ३० टक्के उतरते, असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्यांना मात्र कोणी बळी पडू नये. आत एक कपॅसिटर असतो. त्याने फार तर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, सुधारतो, प्रत्यक्ष वापरलेले युनिट कमी होत नाहीत. चांगल्या सर्व्हरच्या वीजपुरवठ्यात ती सोय आधीपासूनच असते.

त्या कार्यालयात आम्ही दाराला रबरी पट्टी लावली, केबलची भोके बुजवली आणि एसी २५ वर नेला. पंधरा दिवसांनी, पाऊस तसाच कोसळत असताना, संध्याकाळी ६ वाजता बालदीत चार बोटे पाणी होते. सहापैकी कोणते सर्व्हर रिकामे बसतात, याची नोंद आता सुरू झाली आहे.